पिसांच्या माश्यांचं पुस्तक

माझे धाकटे दीर शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, तिथे एका बाजूला लोकांचे कपडे आणि दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची पिसं. गळाला रेशीम गुंडाळायचं, त्यात पीस अडकवायचं, की पाण्यावरच्या किड्यासारखी माशी तयार होते. ती दोरीला बांधून नदीत फेकली की मासा फसतो. हा उद्योग भावजींनी पन्नास वर्षं केला. गिऱ्हाईक पँटसाठी ताटकळलं तरी चालेल, माशीचं पीस मात्र सरळ बसलं पाहिजे.

त्यांना हे शिकवलं पलीकडच्या काठच्या म्हाताऱ्या नावाड्याने. आमच्या नदीच्या अकरा माश्या, कुठल्या हवेला कुठली, सगळं त्याला तोंडपाठ. नावंही त्यानेच ठेवलेली: थोरली, रुसकी, काणी, पाहुणी. तो गेला, आणि त्याच्या मुलांना मासे खाण्यापुरतेच ठाऊक. भावजींनी दुसऱ्या नद्यांवरची पुस्तकं आणून कपाट भरलं. चित्रं सुरेख, पण आमचे मासे त्या माश्यांना हुंगतही नसत. शेवटी म्हणाले, डोळे आहेत तोवर मीच लिहितो, नाहीतर म्हाताऱ्याची विद्या माझ्याबरोबर जाईल.

दोन हिवाळे त्यांनी कापड बेतायच्या कागदावर लिहिलं. छापखानेवाला सोमवारी काम सुरू करणार होता. त्याच्या आठवडाभर आधी भावजी गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात आले.

“वहिनी, हे वाचून एक माशी बांधा. मला काही विचारायचं नाही.”

मी म्हटलं, शिकलेली माणसं काय कमी आहेत? तर म्हणाले, शिकलेला माणूस कागदावर नसलेलं आपल्या डोक्यातून भरतो, तुम्ही भरणार नाही. याला स्तुती म्हणावी की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी दोन इयत्ता शिकलेली. बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आलं की थांबून दम खाते.

कागदावर होतं: रेशमाला उजवीकडे पीळ द्या, मग आपल्यापासून पलीकडे गुंडाळा. मी तसंच केलं. थोरली तयार झाली, दिसायला जरा झोपेतून उठल्यासारखी. पेल्यातल्या पाण्यात सोडली तर रेशीम ढिलं पडलं आणि पीस वर तरंगलं. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. भावजींनी विचारलं, तुम्ही लावलेली बटणं तरी टिकतात का? तेव्हा वर्तमानपत्रामागून आमचे हे बोलले, की तिने लावलेलं बटण कापड फाटलं तरी निघत नाही. लग्नानंतर त्यांनी माझं केलेलं हे दुसरं कौतुक. पहिलं आता आठवत नाही.

म्हणजे दोष माझ्या हातात नव्हता. चौथ्या वेळी भावजी समोर बसून बांधायला लागले. मी माशी सोडून त्यांचे हात बघत राहिले.

“भावजी, तुम्ही डावरे आहात.”

“मग? जन्मापासून आहे.”

“ते घराला ठाऊक आहे. कागदाला कुठे ठाऊक आहे?”

त्यांनी हातातला गळ खाली ठेवला. नावाडी उजव्या हाताचा. भावजी त्याच्यासमोर बसून, आरशात बघावं तसं शिकले. जो पीळ त्यांच्या डाव्या हाताखाली घट्ट होई, तोच माझ्या हाताखाली वेढ्यागणिक उलगडत होता. मी उलटा पीळ दिला, तर गाठ कंजुषाच्या मुठीसारखी बसली.

भावजींचा चेहरा उतरला. अकराच्या अकरा माश्या उलट्या. वाचणारा बांधणार, माशी पाण्यात सुटणार, आणि लोक म्हणणार, नावाडी थापाड्या होता. हेच त्यांना लागलं. मी म्हटलं, सुरुवातीला एक ओळ टाका, उजव्या हातवाल्यांनी उलटं करावं. तर म्हणाले, पँट उलटी शिवून वर ‘उलटी घाला’ अशी चिठ्ठी लावतो का मी?

त्यांनी दुकानातला मोठा आरसा पुढ्यात घेतला. एकेक माशी बांधायची आणि आरशातले हात काय करतात ते लिहायचं. चार दिवस कुणाला नवा कोट अंगावर कसा दिसतो ते बघायला मिळालं नाही. पान सुकलं की माझ्याकडे. मी वाचायची, बांधायची, पेल्यात सोडायची. अकराव्या माशीपर्यंत घरात पाणी प्यायला पेला उरला नाही.

पेल्यात टिकली म्हणजे नदीत टिकेल असं नाही. म्हणून रविवारी सकाळी मी बांधलेली थोरली घेऊन आम्ही दोघं काठावर गेलो. दोनदा फेकली, काही नाही. तिसऱ्यांदा दोरी ताणली गेली. मासा चांगला हातभर, त्याने माशीला या दगडावरून त्या दगडावर फरफटवलं. भावजी दोरी ओढत होते, मी तर काही न धरताच ओढत होते.

मासा काठाशी आला. भावजींनी त्याच्या तोंडातून माशी सोडवून चष्म्याजवळ धरली. पीस भिजून चपटं झालेलं, पण रेशमाचा एक वेढाही सुटला नव्हता. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही दोघं तिच्याकडेच बघत राहिलो. मासा कधी उडी मारून परत पाण्यात गेला, ते दोघांनाही कळलं नाही.