मांत्रिकाने अंग सोडण्याचे नियम

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे केलं ते त्याच ताठ्यात केलं.

धाकट्या बहिणीचे पाय लहानपणीच्या तापात गेले होते. अकोल्याला शाळेत होतो तेव्हा मी तिच्यासाठी एक खेळ बसवला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशाने घरं आखली: अकोला, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, अमरावती, वर मेळघाटात सेमाडोह. चार कवड्या, चिंचोक्यांच्या सोंगट्या. दान पडेल तितकी घरं जायचं, आणि पोचल्यावर तिथं काय दिसतं ते मी सांगायचं.

मी शिपाई, ती कायम मांत्रिक. मांत्रिकाचे नियमही तिचेच. त्याचा एक चिंचोका अकोल्यात पडून राहणार, ते अंग. दुसरा फिरणार, तो जीव. जीवाला नदी अडवत नाही, भिंत अडवत नाही. तो सगळं पाहील, ऐकेल. पण काही उचलणार नाही, कोणाशी बोलणार नाही. सात दानांच्या आत परतला नाही तर अंग थंड पडलं, डाव गेला. तोवर कोणीतरी अंग राखायचं. ते काम मायचं. ज्वारी निवडता निवडता ती एक बोट चिंचोक्यावर ठेवायची. "जा वो, बसली मी इथं. पण चुलीवर भाजी हाये, लवकर ये."

पुढं आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले. मी अमरावतीला कॉलेजात गेलो. पहिल्या सुटीत घरी आलो, तर तिनं कागद पसरूनच ठेवलेला. मी म्हटलं, "हे मंत्रतंत्र आता बंद. जीव अंगाबाहेर निघतो वगैरे आपण मानत नाही. आत्मा नाही."

"मले माईत हाये," ती म्हणाली. "चिंचोका हाये तो, दादा. तू फक्त मूर्तिजापूरच्या टेशनावर काय दिसून राहिलं ते सांग."

"काही दिसत नाही."

माय चिडली. "मोठा आला शिकून! सांगतलं तर तुयी डिगरी झिजते काय?"

मी सांगितलं नाही. कागद गुंडाळून फळीवर टाकला. तिचा हात तिथं पोचणार नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या सुटीला येताना मूर्तिजापूरला मुद्दाम गाडीतून उतरलो. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं इंजिन पाणी भरत उभं होतं. फलाटावर एक बाई शेळीला पेरू चारत होती. सगळं डोळ्यांत भरून घेतलं. घरी येऊन कागद काढला, चिंचोके मांडले.

"राहू दे, दादा. तुले माही कीव आली."

"तसं नाही वो."

"मंग सांग."

मी इंजिन सांगितलं, शेळी सांगितली. आधी ती अशा वेळी भंडावून सोडायची: डबे किती, बाईचं लुगडं कोणतं, शेळी गाभण हाये काय? त्या दिवशी तिनं पाहुण्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. मायनं चिंचोक्यावर ठेवलेलं बोट हळूच काढलं.

आत्मा नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. तिला सांगायची गरज नव्हती. मी बी. ए. झालो त्या उन्हाळ्यात ती गेली. तोवर तिनं पुन्हा मला कोणतं गाव विचारलं नाही.