काकीचा काढा

आंबा हातात आला की काकी आधी त्याचा देठ नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा गो. आंबा सडतो तो देठाकडून. म्हनून आधी देठाला इचारायचं."

दिवेआगरच्या रस्त्याला आमच्या शेठची आंबे भरायची शेड आहे. तिथे आंबा पेटीत जाण्याआधी काकीच्या काढ्यात बुडायचा. गवती चहा आणि कडुलिंबाचा पाला उकळायचा, पाणी हाताला सोसेल इतकं निवलं की त्यात आंबे सोडायचे. मग देठाशी काळी बुरशी धरत नसे. माप काही नव्हतं. वासावरूनच ती म्हणायची, पुरे.

करोनाच्या तापात तिचं नाक गेलं. मला ते जेवताना कळलं. तिच्या मागे सुकटीची पिशवी भिजून कुजली होती. सगळ्या बाया नाकाला पदर लावून बाहेर पळाल्या आणि ही शांतपणे भाकरी मोडत बसलेली. मी बघतच राहिले. तेव्हा हळूच म्हणाली, "कुनाला बोलू नको गो बाय. शेठनं नाकासाठीच ठेवलंय मला."

तेव्हापासून मी काढ्याच्या टोपाजवळ उभी राहायची. वास उग्र आला की 'पुरे' म्हणून मान हलवायची. देठ मात्र ती तसाच नाकाशी न्यायची. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही काही कळलं नसतं.

एकदा गवती चहा उन्हात पडून पिवळा झालेला आला. काढ्याला वास जवळजवळ नव्हताच. पण टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि चार माणसांत थांबा म्हणायची मला लाज वाटली. काकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आठवड्यानं वाशीच्या व्यापाऱ्यानं फोटो पाठवले. आंबे देठाशी काळे पडलेले. शेठनं मोबाईल तिच्यापुढे धरला. "काकी, नाक गेलं काय तुमचं?"

"व्हय," ती म्हणाली. "गेलंय."

माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शेठनं दुकानातली बुरशी मारायची पावडर आणली आणि तिला घरी बसायला सांगितलं.

पुढे मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "काकी, त्या दिवशी वास आला नव्हता."

"ठाव हाय. तू खाली बघून मान हलवलीस तवाच कळलं. पन थांबा म्हनायला माजीबी जीभ रेटली न्हाय." आणि तिनं मला चहा दिला.

गणपतीच्या आधी ती वारली. शेडमध्ये ती बसायची तिथे आता वजनकाटा ठेवलाय. मी त्या बाजूला जेवायला बसत नाही.