वेल्ह्याच्या साकवाचे बोल्ट

बापू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भोरच्या बाजारात चार जणांना हसवत उभा होतो. किकवीहून आलेला माणूस माझी गोष्ट संपेपर्यंत थांबला, भिडेखातर हसलाही, आणि मग म्हणाला, "आपले बापू ओव्हरसियर गेले. छाती भरली होती..."

आम्ही दोघं मिळून कंत्राटं घ्यायचो. हिशेब त्याचा, तोंड माझं. वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीला ओढ्यावर लोखंडी साकव हवा होता; पावसाळ्यात अडलेली बाळंतीणसुद्धा अल्याडच राहायची. सांधे बोल्टांनी आवळायचे की वेल्डिंगनं एकजीव करायचे, यावर बापूनं आठवडाभर डोकं घातलं. वेल्डिंगला भोकं नकोत, जोडपट्ट्या नकोत, लोखंड कमी. एकदा यंत्र आणायचा खर्च सोसला की संपलं. बोल्ट आज स्वस्त, पण दरसाल आवळणाऱ्याचा खर्च कुणी धरायचा?

पंचांसमोर मी त्याचा धुव्वा उडवला. म्हटलं, मंडळी, ते यंत्र म्हणजे हत्तीचा थोरला भाऊ. त्याला एक गाडी, त्याच्या इंजिनाला दुसरी, तेलाला तिसरी, आणि चालवणाऱ्या साहेबाच्या कोंबड्यांना चौथी. विंझरच्या पुढचा रस्ता तर गाड्या बैलांसकट गिळतो. एवढ्या पैशात तोरणा किल्ल्याला कठडा बसेल.

पंचांतले गणूबाबा तेवढे हसले नाहीत. "आन् बोल्ट ढिलं पडल्यावं?"

"हा बापू येईल की दरसाल. फुकट."

सगळे हसले. बापूनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

साकव बोल्टांचाच झाला, आणि बापू खरंच दरसाल जात राहिला. पाऊस सरला की पिशवी खांद्याला लावून माझ्या दारात. "चलतोस? एकच दिवस." मी कधी गुडघा पुढं केला, कधी पाहुणे. सासूला तर मी तीनदा आजारी पाडलं. ती अजून ठणठणीत आहे. यंदा तो खोकत होता. म्हटलं, "अरे, पाण्यात उभा राहू नकोस." हे मी पाटावरून, जेवता जेवता सांगितलं.

तेराव्यानंतर त्याच्या मुलाकडून पाना मागून घेतला आणि निघालो. माझ्या थट्टेनं माणूस दरसाल थंड पाण्यात उभा केला, मारला, हेच डोक्यात. विंझरपर्यंत मोटार, पुढं पायी. ओढ्यात उतरलो, पाना लावला, सारा जीव एकवटला. नट तसूभर हलेना.

काठावरून गणूबाबा म्हणाले, "न्हाई हालायचं त्ये. बापूरावांनी पैल्याच साली बोल्टांची टोकं ठोकून चपटी केल्याती. नट फिरायचाच न्हाई."

"मग बापू दरसाल पाण्यात उतरून काय करायचा?"

"पान्यात कशाला उतरत्याल? हितं दगडावं बसायचं. तुमच्या थापा सांगायचं आमास्नी, पार तुमच्यावानी हात करून. लई हसायचो. दोघांची भाकरी आनायचं. म्हनायचं, आज यील त्यो. न्हाई आलात की जाताना तुमची भाकरी मला." बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "ग्वाड लागायची, खोटं कशाला बोलू..."

मी वर आलो आणि त्या दगडावर बसलो. बाबाही शेजारी टेकले.

"तुमी काय आनलंय खायाला?" त्यांनी विचारलं.

मी काहीच आणलं नव्हतं.