बहिणीच्या नवऱ्याची बहीण

सानगडीला आल्यावर मला पहिली शिक्षा झाली ती मला पक्कं ठाऊक असलेल्या उत्तरासाठी.

सरांचा भरतीचा वर्ग जुन्या राईस मिलच्या टिनाच्या शेडमध्ये चालायचा. सर फौजेतून निवृत्त झालेले. सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, पळायचं, उन्हं चढली की शेडमध्ये गणित आणि बुद्धिमत्ता. आमच्या सुरक्षा दलाच्या शिपाईपदाला दहावी पुरत होती. आधी मैदान, मग बुद्धिमत्ता चाचणी, शेवटी मुलाखत. पळण्याची मला भीती नव्हती. भीती होती कागदाची. माझी शाळा नववीत सुटली, दहावी मी पुढं कितीतरी वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली आणि काठावर सुटले. वर्गात कोणी नुसतं माझ्याकडं पाहिलं तरी मला वाटायचं, आता विचारणार, तू इथं कशी?

त्या दिवशी नातेसंबंधांचे प्रश्न होते. सरांनी फळ्यावर लिहिलं: एका फोटोतल्या स्त्रीकडे बोट दाखवून एक पुरुष म्हणाला, ‘ही माझ्या बहिणीच्या नवऱ्याची बहीण आहे.’ तर ती स्त्री त्या पुरुषाची कोण? बहीण, मेहुणी, बायको, यापैकी नाही.

मी एरवी हात वर करत नसे. पण हे मला येत होतं. आमच्या घरी भिंतीवर असा फोटोच होता.

“बायको,” मी म्हणाले.

शेड हसून हसून हलली. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. “कोणत्या गावात असते बाई अशी बायको?”

“आमच्या, सर.”

मग मला सगळं सांगावं लागलं. मी मराठवाड्यातली. आमच्याकडं साटंलोटं करतात. त्या घरची मुलगी आपण आणायची, आपली त्या घरी द्यायची, एकाच मांडवात. माझ्या दादाला बायको मिळावी म्हणून मी दिली गेले. बोलणी ठरली तेव्हा मी नववीत होते. आता द्यायचीच आहे तर शाळा कशाला, म्हणून शाळा तिथंच थांबली. लग्न मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत वडिलांनी थांबवून धरलं. एवढं त्यांनी केलं, ते मी विसरत नाही.

सरांनी आम्हाला शिकवलं होतं, पुरुषाला अधिकची खूण, बाईला वजाची, नवराबायकोत दोन रेघा, भावंडांत एक. त्यांनी फळ्यावर माझं घर काढलं. “ही तू, वजा. हा तुहा नवरा. ही त्याची बहीण, वजा. हा तुहा भाऊ.” चार खुणा रेघांनी जोडल्या. “पाहा रे पोट्टेहो. चौकोन झाला.”

दुसऱ्या दिवसापासून माझं नावच चौकोन पडलं. पण पुस्तकात उत्तर ‘यापैकी नाही’ होतं, म्हणून त्या दिवशी सरांनी नियम पाळला. एकाची चूक, सगळ्यांना शिक्षा. सगळी बॅच उन्हात बेडूकउड्या मारत पारीच्या टोकापर्यंत गेली. माझ्या शेजारी बसणारी उंच पोरगी, सानगडीचीच, दुसऱ्यांदा भरतीला बसलेली, उड्या मारता मारता म्हणाली, “तुह्या घरचं लगन, अन् आमच्या मांड्या गेल्या.”

सर मला शिकवण्याचं काही घेत नव्हते, म्हणून मी ऐकून घेतलं. मोफत शिकणाऱ्याला राग परवडत नाही.

मला सानगडीला आणलं ते सिस्टरनं. त्या माझ्या सासरच्या गावी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन आपल्या गावी परतल्या होत्या. नवऱ्याच्या घरून मी निघाले तेव्हा माहेरी जागा नव्हती. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “चालता येऊन राहिलं ना? मंग बस धर.” सकाळी त्यांच्या घरात बुद्धवंदना व्हायची, मग मला लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात. मी भाकरीवर वाढलेली. भातावर पळताना लवकर भूक लागायची, पण दुसऱ्यांदा मागायला जीभ रेटत नसे. त्यांच्या ते लक्षात येई. “लाजून राहिली काहून? तलावभर पाणी अन् बांधीभर धान आहे आमच्यात. तुह्यानं सरत नाही.”

नवऱ्याच्या घरून मी का निघाले, हे सिस्टरना माहीत होतं, कारण तिथं असताना माझे टाके त्यांनीच घातले होते.

साटंलोटं बाहेरून न्यायाचं दिसतं. दोघांच्याही मुली समोरच्याच्या घरात, तेव्हा कोणी कोणाला छळणार नाही, असं म्हातारे सांगतात. प्रत्यक्षात असं असतं, की तिकडं दादाच्या बायकोशी कोणी वरच्या आवाजात बोललं, की इकडं माझ्या पाठीवर उमटायचं. माझा दादा साधा माणूस. त्यानं बायकोला कधी बोट लावलं नाही. ती त्याच्या घरात सुखी होती. पण एकदा तिच्या पोरीला ताप होता म्हणून ती फोनवर रडली, आणि माझ्या नवऱ्यानं फोन ठेवून कमरेचा पट्टा काढला. मी माहेरी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाला कोणीतरी म्हणालं असतं, तूही दोन ठेवून दे.

आम्ही दोघी एकमेकींना वन्सं म्हणायचो. ती माझ्या नवऱ्याची बहीण, मी तिच्या नवऱ्याची. दोघींचं म्हणणं बरोबरच होतं.

मी निघाले त्याच आठवड्यात तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. नुकतीच चालायला लागलेली मुलगी दादाच्या हातात राहिली.

दादाचे फोन यायचे ते मी पारीवरून पळून आल्यावर, घाम पुसत असताना. तो कधी ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

“बाई, जेवलीस का?”

“जेवले.”

“पोरगी दाराकडं बघत बसती.” मग म्हणाला, “तू नुसतं तोंड दाखवून ये ना. चार महिने राहा. हिला आणलं की मी स्वतः येतो तुला न्यायला.”

“दादा, माझी चाचणी आहे.”

“व्हय. मामा म्हणत होते.” मामा म्हणजे त्याचे सासरे, माझेही सासरे. “म्हणले, तिला नोकरी लागली तर ती काही नांदायला येत नाही. मग माझी मुलगी तुमच्याकडं फुकट कशाला ठेवू? तिच्या बदल्यात माझ्या पोराला दुसरी बघतो.” मग “अभ्यास कर,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पास झाले तर दादाचं घर मोडणार होतं. नापास झाले तर मला त्या पट्ट्याखाली परत जायचं होतं. सिस्टरना सांगितलं तर त्या भाजी निवडत राहिल्या. “पोरी, दोन्हीकडून तुलेच तोडून राहिले. एकीकडून तरी सुटून घे.”

चाचणीत नात्यांचे प्रश्न आले. मी सरांचं ऐकलं. आपलं गाव मनात आणायचं नाही, अधिक-वजा काढायचं, रेघा ओढायच्या, उत्तर लिहून पुढं जायचं. मी मुलाखतीच्या यादीत आले. उंच पोरगीही आली.

मग सरांनी आम्हाला मुलाखतीसाठी भाजायला घेतलं. मध्ये सर, दोन बाजूंना आमच्यातलेच दोघं, समोर एक खुर्ची. बाजूच्यांना सरांचा हुकूम होता, समोरच्याचं दुखतं तिथंच बोट घालायचं. “तिथले साहेब तुमचे मामा नाहीत.” इतरांचं दुखणं शोधावं लागे. माझं फळ्यावर काढून झालं होतं.

“नवरा काहून सोडला?” उंच पोरगीनं विचारलं.

“त्रास होता.”

“कोणता त्रास? मारे का?”

“हो.”

“मंग तुह्या भावाची बायको? तिले तं कोणी मारत नव्हतं. तुही सुटका झाली, तिचा संसार गेला. वर्दी घालून तू कोणाले न्याय देशील जी?”

ती वाईट नव्हती. तिला सांगितलेलं काम ती नीट करत होती. मला रडू फुटलं. सरांनी घड्याळाकडं पाहिलं आणि सगळ्यांना तलावाला फेरी मारायला पाठवलं. परत आल्यावर तोच प्रश्न. पुन्हा रडू, पुन्हा फेरी. शेवटी पोरं फेरीला निघताना माझ्याकडं बघतही नव्हती. एक जण दम खात म्हणाला, “चौकोनबाई, आज तरी कोरड्या राहा. पायात जीव नाही.”

सरांनी मला बाजूला घेतलं. मायेनं नाही, बंदूक कशी धरायची ते सांगावं तसं. “रडू आलं का टेबलाखाली नख अंगठ्यात घाल. आवाज सपाट. ‘नाही, सर.’ बस्स. पुढं सांगत बसायचं नाही. जो जास्त सांगते, तो पडते.”

आठवड्याभरात मला जमलं. माझा मार, दादाची मुलगी, तिचं दाराकडं बघणं, सगळं मी पाढे म्हणावेत तसं सांगू लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची फेरी चुकली होती. मलाही बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

खऱ्या मुलाखतीत मधल्या खुर्चीवर एक बाई होत्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि मी मऊ आवाजाची तयारी केलेली नव्हती. त्यांनी नवऱ्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. काडीमोड झालाय का? पंचांची बैठक व्हायचीय, मॅडम. शाळा मध्येच का सुटली? लग्न ठरलं म्हणून, मॅडम. मग त्यांनी कागद मिटले.

“तुम्हाला ही नोकरी लागली तर घरी कोणाची काही अडचण?”

नख अंगठ्यात गेलं. माझ्या डोळ्यांपुढं दादा दारात पोरीला कडेवर घेऊन उभा होता.

“नाही, मॅडम.”

निवडयादी लागली. माझं नाव होतं. उंच पोरगीचं नव्हतं. सिस्टरनं खीर केली आणि वाटी माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, “आता दुसऱ्यांदा माग.” मी मागितली.

पुढच्या आठवड्यात एकाच बैठकीत दोन काडीमोड झाले, माझा आणि दादाचा. मुलगी दादाकडंच ठेवली, कारण तिच्या आईच्या नव्या सासरला ती नको होती. नवं घर ठरलेलंच होतं. तिथं एक मुलगी होती, माझ्या जागी यायची.

वन्संचा फोन आला, कोणाच्या तरी मोबाईलवरून. “वन्सं, लागली ना नोकरी?”

“लागली.”

“चांगलं झालं.” ती हळू बोलत होती. “एक करा. ती जी येणारे तुमच्या जागी, तिला कोणाकडून तरी कळवा. आमच्या भावाला जेवताना काही विचारायचं नाही. पाणी आधी ठेवायचं. तेवढं केलं तर पुष्कळ वाचतं.”

“सांगते,” मी म्हणाले. त्या मुलीचं गावही मला माहीत नव्हतं.

दादाचा फोन सगळ्यात शेवटी आला. अभिनंदन म्हणाला. पोरीनं भात खाल्ला, म्हणाला. मग म्हणाला, “तो भिंतीवरचा चौघांचा फोटो काढून ठेवला. पोरगी बोट दाखवती.”

ट्रेनिंगला जाण्याआधी सरांनी मला शेडवर बोलावलं. दारावर माझ्या फोटोचा बॅनर लागला होता, नववीत शाळा सोडली, आज वर्दीत. नवी बॅच बसली होती. मागच्या ओळीत उंच पोरगी, तिसऱ्यांदा. सरांनी मला समोर उभं केलं. मी त्यांचे आभार मानले आणि ते खरे होते. मग त्यांनी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला.

“एक पुरुष म्हणते, ही माह्या बहिणीच्या नवऱ्याची बहीण. तं ती त्याची कोण?”

नवी पोरं वहीत रेघा ओढू लागली. मागून उंच पोरगी न उठताच म्हणाली, “यापैकी नाही.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. “बरोबर?”

टेबल नव्हतं. हात मागं बांधून मी नख अंगठ्यात घातलं.

“बरोबर, सर.”