भाचीची रायफल आणि माझी तपासणी

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सांगलीत, बहिणीच्या गच्चीवर, दहा मीटरवरचं टार्गेट लागत नाही, ही गोष्ट लोकांना सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो, कारण बहिणीनं ती अख्ख्या विश्रामबागेत आधीच सांगून ठेवली आहे.

गुरुवारी तिचा, म्हणजे सुमनचा, साताऱ्याला मला फोन आला. "दादा, ऋतुजाची एअर रायफल सोमवारपासनं नीट मारंना झालीया. रविवारी तुमच्या साताऱ्यातच संघाची निवड हाय. पोरगी जेवंना. तू ये."

मी पाने, तेलाची बाटली आणि चिंध्या पिशवीत भरून पहिली एस्टी पकडली. (बायको म्हणाली, "चष्म्याचा नंबर कवा काढणार?" मी म्हणालो, "आधी रायफल!")

सोळा वर्षांची ऋतुजा गच्चीवर वाटच बघत होती. जिन्याच्या भिंतीला जाड फळी, त्यावर टार्गेटचं कार्ड. तिनं पाच छर्रे मारले. पाचही डावीकडं, इकडं तिकडं विखुरलेले.

"छर्रे बदलले?" मी कडक आवाजात विचारलं.

"हो मामा."

"नळी साफ केली?"

"दोनदा. मामा, मला वाटतं खालचा बोल्ट..."

"तू थांब गं! आधी मी मारून बघतो. मग रायफल स्वतःच बोलंल!"

मी खुर्चीवर बसलो, श्वास रोखला. आता खरं सांगायचं तर मला समोर दोन कार्डं दिसत होती. सरावाला दोन लावली असतील, असं समजून मी त्यातलं उजवीकडचं धरलं. पहिला छर्रा फळीत. दुसरा फळीच्या कडेला. तिसऱ्याला 'फट्!' असा मोठा आवाज झाला आणि बाजूच्या सोलर बंबाची काचेची नळी फुटून कढत पाणी गच्चीभर झालं!

"आरं दादा!" सुमन धुण्याची बादली टाकून पळाली. "टार्गेट तिकडं हाय! ह्यो आमचा सोलर हाय!"

"बघितलंस?" मी पाय वर घेत म्हणालो. "रायफलची नळीच वाकलीया. माझ्यासारख्याच्या हातून ही अशी चुकती, म्हणजे लय मोठा बिघाड हाय."

मग मी वर्तमानपत्र पसरून रायफल खोलली. खांद्याला लावायची बट वेगळी, नळी वेगळी, नेम धरायची साइट वेगळी. वीस मिनिटांत तिथं इतके भाग झाले की दोन रायफली झाल्या असत्या. नळी डोळ्याला लावून बघितली, ती सरळच होती. तिथं माझी विद्या संपली. जोडायला घेतली तेव्हा कुठला स्क्रू कुठला, हेच मला दिसेना. (कळेना असं मी तेव्हा म्हणालो. कळतही नव्हतं.)

ऋतुजा खाली मान घालून, एक एक भाग फडक्यात गोळा करू लागली. तिच्या हातावर टपकन एक थेंब पडला आणि तो सोलरचा नव्हता. दोन वर्षं पहाटे पाचला उठून रेंजवर जाणारी पोरगी ती. मला स्वतःची लाज वाटली.

"ऋतू, चुकलं माझं," मी म्हणालो. "मघाशी तू काय म्हणत हुतीस?"

"बट आणि नळी जोडणारा बोल्ट मामा. बारीक हलतोय असं वाटत होतं."

तिनं मोबाइलमधले जुने फोटो बघत रायफल जोडली, तो बोल्ट नीट आवळला, साइट दोन खटके फिरवली आणि पाच छर्रे मारले. पाचही एकमेकांना चिकटून. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते!

"मग माझ्या हातनं सोलर कसा फुटला?" मी विचारलं.

ऋतुजा टार्गेटपाशी जाऊन उभी राहिली. "मामा, बोटं किती?"

"चार!" मी फौजी आवाजात ठणकावलं.

"दोन आहेत."

सुमननं त्याच दुपारी मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे काका. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करू. तोवर गाडी चालवू नका."

"आनि रायफल?" सुमननं विचारलं. बाईंना तो विनोद वाटला.

रविवारी साताऱ्यात ऋतुजाची निवड झाली. तिच्या मार्गदर्शकांनी नाव पुकारलं आणि मला राहवेना. मी प्रेक्षकांतून उठलो, गर्दी बाजूला सारली, जाड जाकीट घातलेल्या पोरीच्या पाठीवर थाप मारली. डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास गं माझ्या वाघिणी! मामाला माफ केलंस न्हवं?"

ती वळली आणि अदबीनं म्हणाली, "केलं की काका. पण मी कराडची."