मामांची खिडकी

मला माहीत होतं, आणि मी दोन वर्षं गप्प बसले.

आज मामांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. मामा म्हणजे माझे सासरे. लोहाऱ्यात घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं चांदीचं काम चालायचं. जोडवी, पैंजण, लेकरांचे वाळे.

दुकान नाही, पाटी नाही. तरी बाजाराच्या दिवशी बाया जीपमधून उतरून सरळ आमच्या परसात यायच्या.

मी लग्न करून आले तेव्हा केमिस्ट्रीत बीएस्सी. नवरा धाराशिवला नोकरीला, सकाळच्या एसटीनं जायचा. मला घरात करमेना.

एक दिवस मामाच म्हणाले, "पोरी, नुसतं भितीकडं बघत बसण्यापरीस इकडं ये. हात चालीव."

सासऱ्यासमोर सून बसत नाही, अशी आमच्याकडची रीत. मी चक्क त्यांच्या शेजारी पाट टाकून बसले. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मामा झाळायला शिकवायचे. म्हणजे चांदीचे दोन तुकडे ज्योतीवर तापवायचे, सांध्यावर टाकणखार लावायचा आणि सोल्डर वितळवून ते जोडायचे.

पण पहिले आठ दिवस त्यांनी मला ज्योतीला हातच लावू दिला नाही. नुसते नियम.

"नायलॉनची साडी नेसून इथं बसायचं न्हाय. सुती नेस. पदर खोच."

"गॅसच्या नळीला रोज साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की काम बंद."

"पोकळ वाळ्याला आधी बारीक भोक पाड. न्हायतर आतली हवा तापून फुटतोय बघ."

"तेजाब पाण्यात वतायचं. तेजाबात पाणी वतलं की तोंडावर येतंय. तुमच्या कालिजात शिकवलं का न्हाय?"

शिकवलं होतं. पण मामांच्या तोंडून ऐकल्यावर ते पक्कं बसलं.

एवढा काळजी घेणारा माणूस. आणि खिडकी मात्र बंद.

वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. आणि सोल्डर कुठला, तर केडीएमचा. त्यात कॅडमियम असतं. लवकर वितळतो, सांध्यात पाण्यासारखा पळतो. कारागिराला अजून काय हवं?

त्याचा पिवळट धूर निघायचा. मामा नाकाला टॉवेल गुंडाळायचे आणि वर म्हणायचे, "झाला बंदोबस्त!" तो धूर टॉवेलाला कुठला जुमानतोय.

लगीनसराईत काम वाढलं की संध्याकाळी त्यांना कणकण यायची, छाती भरायची. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायच्या. सकाळी ताप उतरलेला असायचा.

दृष्ट नव्हती ती. धूर होता.

मला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कॉलेजात कॅडमियमची बाटली नुसती उघडायची तरी सर खिडक्या उघडायला लावायचे.

पण नवी सून. चाळीस वर्षं हात चालवलेल्या सासऱ्याला काय सांगणार? चार बुकं शिकली म्हणून अक्कल शिकवते, असं झालं असतं. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिले.

आणि खरं सांगू? धूर निघायला लागला की मी "चहा टाकते" म्हणून उठायचे. स्वतःला वाचवायचे. त्यांना तिथंच ठेवून.

हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. मामांनी कुणाचंच काम हातात घेतलं नाही, नातवंडाचे वाळे घडवायला बसले. मला हाक मारली, "ये ये, सांधा कसा पळतोय बघ!"

मी दारातच थांबले.

"मामा, मला आत येता येणार नाही. तो धूर विषारी आहे."

त्यांनी ज्योत विझवली. गॅसचा कॉक फिरवला. उठून खिडकीकडं गेले. ती इतक्या वर्षांत अशी बसली होती की हलेना. हातोडीचे चार घाव घातले तेव्हा उघडली.

मग माझ्याकडं वळले.

"तुला कवापासून ठावं हाय?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं, आता भडकतील. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"मग आधी का न्हाय सांगितलंस, पोरी? म्या काय खाल्लं असतं का तुला?"

आणि हसले. हसता हसता खोकले. तो खोकला परत कधी गेलाच नाही.

त्यानंतर केडीएमची एक तार घरात राहिली नाही. नवा सोल्डर जरा जास्त ताव मागायचा, मामा त्याला शिव्या घालायचे, पण वापरायचे तोच. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसला. बाळंतपण होईपर्यंत मला त्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही.

मी दोन वर्षं आधी बोलले असते तर? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, चाळीस वर्षांचा धूर आहे, सांगता येत नाही.

मला ते उत्तर पुरलेलं नाही.

शेवटी शेवटी मामा बाजेवर, नाकाला ऑक्सिजनची नळी. सिलिंडर घरात, म्हणून माझी ज्योत मागच्या पत्र्याच्या खोलीतच. तरी मी कामाला बसले की रोज घरातून हाक मारून विचारायचे.

"पोरी, खिडकी?"

"उघडली, मामा."

मगच डोळे मिटायचे.

आज सकाळी ढोकीची एक बाई तुटलेलं जोडवं घेऊन आली. मोकळं बोट बरं दिसत नाही म्हणून घाईत होती. मी खिडकी उघडली, गॅसला हात घातला आणि थांबले. हाकेची वाट बघत.

बाजेवरून कुणी विचारलं नाही.

"उघडली, मामा," मी मोठ्यानं म्हणाले.

बाई चपापली. "कुणाला म्हनलात?"

"सासऱ्यांना."

आता मोकळा श्वास घ्या, मामा. मला माफ करा.