सज्ज्याची पितळी जाळी

रहिमतपूरच्या कुतुबुद्दीन चाळणवाल्याला माणसांची पारख नव्हती असं नाही; पण बड्या घरचा माणूस इतका उथळ असू शकतो, हे त्याला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आजा चाळण्या विणायचा, बापही विणायचा. यानं त्यात भर घातली ती गोषातल्या माड्यांच्या जाळ्यांची. आतल्या बाईला रस्ता दिसावा, रस्त्यावरच्याला बाई दिसू नये, अशी तार विणणारा दुसरा गडी जिल्ह्यात नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा.

सत्तेचाळीसच्या सुरुवातीला हंबीरराव इनामदारांनी महाबळेश्वरात एका साहेबाचं हॉटेल घेतलं. साहेब लोक बाडबिस्तरा आवरून निघाले होते, आणि यांना नेमकं तेव्हा साहेब व्हायचं सुचलं! खाली नाचायचा हॉल, कोपऱ्यात बाजावाले, वर चहूबाजूंनी सज्जा. कारभारी नाथाजीनं रहिमतपुरात येऊन निरोप दिला, की सज्ज्याला पितळी जाळीचा कठडा पायजे, वर बायका बसणार हायत.

बायका बसणार म्हटल्यावर कुतुबुद्दीननं आणखी काय विचारायचं? हंबीररावांच्या घरचा गोषा साऱ्या मुलखाला माहीत. त्यांची बायको शालूबाई पंधरा वर्षांत कुणा परक्याच्या नजरेला पडली नव्हती. त्यानं तीन महिने खपून पुरुषभर उंचीची, करंगळीही शिरणार नाही अशी दाट जाळी विणली. मधली वेल अशी उतरली की तो स्वतःच बघत राहिला.

हॉल उघडायच्या दिवशी दुपारी जाळी बसली, आणि ती बघून हंबीरराव थयथयाट करू लागले. त्यांना हवा होता कमरेएवढा कठडा, वीतभर घरांच्या विरळ जाळीचा. वर बसलेल्या मडमांचे झगे खालून नीट दिसावेत म्हणून. चाळणवाल्याची अक्कल चाळणीतून गळाली, असं चारचौघांत म्हणाले. उद्या सकाळी जाळी मधोमध काप, नाहीतर जिल्ह्यात तुला कुणी काम देणार नाही, अशी तंबी दिली. विणलेली तार कापली की सुटत जाते, सगळीच जाळी मातीत जाते, हे त्या शहाण्याला सांगून काय उपयोग? कुतुबुद्दीनला त्या माणसाची शिसारी आली. स्वतःची बायको सात पडद्यांत ठेवायची आणि दुसऱ्यांच्या बायका बघायला जाळीला मोठाली घरं मागायची. काय पण खानदानी माणूस!

संध्याकाळी मडमा खालीच बसल्या. सज्जा रिकामा राहिला. हॉलच्या दुपारच्या पूजेसाठी गावाहून आणलेल्या शालूबाईंनी दासीकरवी विचारलं, वर बसलं तर चालेल का? जाळी दाट होती, गोषाला बाध येत नव्हता. नाथाजीनं हो म्हटलं. बाजा सुरू झाला. पोटावर पट्टा आवळलेले हंबीरराव एका मडमेच्या कमरेला हात घालून, तिच्या पायांवर पाय देत, हॉलभर गरगरा फिरले. शालूबाईंनी वरून सगळं पाहिलं.

सकाळी कुतुबुद्दीन पक्कड घेऊन शिडी चढला. खाली हंबीरराव कमरेवर हात ठेवून उभे. पहिल्या तारेला पक्कड लागली, तोच जाळीमागून बाईचा आवाज आला.

"मिस्त्री, जरा थांबा." मग आवाज खाली वळला. "आवं, जाळी खुशाल कापा. पर आजपासनं मी रोज सांजंला हितंच बसणार हाय. जाळी असली तर कुणाला दिसणार न्हाई. नसली तर समद्यांना दिसंन."

हंबीररावांनी कमरेवरचे हात खाली घेतले. कुतुबुद्दीन शिडीवर तसाच उभा होता. तीन महिन्यांची मेहनत एका शब्दावर लटकली होती.

"काय करू, सरकार?" त्यानं विचारलं.

"उतर," हंबीरराव म्हणाले.

त्या मोसमात बाजा रोज वाजला. जाळीमागं कुणी बसलंय की नाही, हे खालून कधीच कळत नव्हतं, आणि हंबीरराव पुन्हा नाचले नाहीत.